सरकी डोबण्याआधी रान बसू द्या

कपाशीसाठी रान कसं करावं असं कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: चांगलं भुसभुशीत करा. त्यासाठी उन्हाळाभर नांगर, वखर, रोटाव्हेटर चालतात. मे अखेरीला सगळं रान मऊ आणि एकसारखं दिसू लागलं की धुऱ्यावर (बांधावर) उभ्या शेतकऱ्याला बरं वाटतं. मग पाऊस येतो, सरकी, म्हणजे कपाशीचं बी, हाताने मातीत डोबली जाते आणि आठ-दहा दिवसांनी तासातासांत, म्हणजे ओळीओळीत, खाडे (न उगवलेल्या रिकाम्या जागा) दिसू लागतात. बियाणं बोगस निघालं, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. कधी कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा बी चांगलं असतं, पाऊसही झालेला असतो. सरकीच्या भोवतालची माती मात्र तिच्या अंगाला भिडलेली नसते.

रान मोकळं करणं हे एक काम आणि मोकळं केलेलं रान बेताने बसवणं हे दुसरं. पहिल्या कामावर आपण डिझेल, पैसा आणि बैलांचा घाम ओततो. दुसऱ्याकडे फारसं बघत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू रानात पेरणीची संधी एकदाच मिळते आणि दुबार पेरणी म्हणजे कर्जावर कर्ज. तिथे हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

सरकी पाणी कशी घेते

सरकीचं कवच टणक असतं. आतला कोंब जागा व्हायचा तर बियाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी शोषावं लागतं. वाफशावर, म्हणजे पेरणीजोगत्या ओलीवर, आलेल्या मातीत हे पाणी कुठे साचलेलं नसतं. मातीच्या प्रत्येक कणावर त्याचा पातळ थर असतो. कणाला कण लागून असला की तो थर या कणावरून त्या कणावर सरकत बियापर्यंत पोचतो. बियाने जवळचं पाणी ओढून घेतलं की मागून आणखी यायला हवं, म्हणजे वाट कुठेही तुटता कामा नये.

पोकळ रानात नेमकी हीच वाट तुटते. सरकी दोन ढेकळांच्या फटीत पडली तर तिचा मातीला स्पर्श एक-दोन जागीच होतो. बाकी अंगाला हवा. हवेतून ओलावा पोचतो तो वाफेच्या रूपाने, आणि तो फार सावकाश. त्यात जूनमधला कोरडा वारा त्याच फटींतून आत शिरतो आणि असलेली ओलही उडवून नेतो. मग बी अर्धवट फुगतं, मोड येतो न येतो तोच सुकतं. अशी सरकी पुढच्या पावसाने पुन्हा उठेलच याचा भरवसा नाही.

म्हणून रान धुमसून घट्ट करावं का? तेही चालत नाही. अंकुरणारं बी श्वास घेतं. दाबून दाबून मातीतली हवा काढून टाकली आणि वरून पाऊस झाला, तर बी गुदमरतं आणि सडतं. शिवाय कपाशीची बाहेर येण्याची रीत ज्वारी-बाजरीसारखी नाही. ज्वारीचा कोंब टोकदार असतो, लहानशा फटीतूनही वर सरकतो. कपाशी आपली दोन्ही बीजदलं मातीतून वर ओढून आणते. आधी कोवळं खोड आकड्यासारखं वाकतं. ती वाकलेली मान मातीला ढुशा देत वर येते, उजेड लागला की सरळ होते आणि मग दोन जाड पानं उघडतात. वर पापडी, म्हणजे वाळून कडक झालेला थर, धरलेली असेल तर मान तिथेच अडते, खोड खाली जाड होतं, पिवळं पडतं आणि शेवटी तुटतं. शेतात फिरताना पापडीचा तुकडा उचलून बघा, खाली अशी वाकलेली, अडकलेली रोपं सापडतात. ते बघून जीव हळहळतो, कारण रोपाने आपलं काम केलेलं असतं.

सरकीला हवी असलेली जागा म्हणजे खाली बसलेली ओलसर माती, बाजूने अंगाला भिडलेली माती आणि वर बोटभर मोकळा थर. पुढची सगळी मशागत याच हिशेबाने पाहायची.

काळी माती बरंचसं काम आपलं आपण करते

आपल्या काळ्या रानात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पेरणीच्या वेळी या गुणाचा त्रास होतो, पण मशागतीत त्याचा फायदाही आहे आणि तो आपण पुरेसा घेत नाही.

एप्रिलमध्ये नांगरलेल्या रानात डोक्याएवढी ढेकळं निघतात. ती उन्हात तापतात, आतून तडकतात. मग वळवाची एखादी सर येते. पाणी ढेकळात सगळीकडे सारखं शिरत नाही. बाहेरचा थर फुगतो, आतला कोरडाच असतो, आत कोंडलेली हवा बाहेर पडायला बघते आणि ढेकूळ जागच्या जागी फुटून त्याचा बारीक चुरा होतो. हा चुरा रोटाव्हेटरच्या चुऱ्यापेक्षा चांगला, कारण त्याचे बारीक रवे टिकून राहतात, त्यांची धूळ होत नाही. त्यामुळे कोरडी, दगडासारखी ढेकळं यंत्राने फोडायची घाई करू नये. एक-दोन वळीव होऊ द्यावेत, मग वखर घालावा.

त्याआधीची कामं थोडक्यात सांगतो. फरदड न घेता (हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे न लांबवता) पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, वेळेवर काढून टाकणं ही पहिली गोष्ट. 2017 साली गुलाबी बोंडअळीने जे नुकसान केलं ते आठवत असेल, तर हे वेगळं पटवून द्यायला नको. उन्हाळी नांगरटीने मातीतले कोष वर येतात, उन्हाने आणि पाखरांनी मरतात. खोल नांगरट मात्र दर वर्षी लागत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा वीतभर खोल पुरते. शेणखत कोरडवाहू रानात हेक्टरी 5 टनांच्या आसपास, तेही वखराच्या शेवटच्या पाळीआधी (फेरीआधी) पसरावं, म्हणजे मातीत नीट मिसळतं. खत कुजलेलंच हवं. अर्धकच्च्या खताचे गोळे बियाखाली आले की तिथे पुन्हा पोकळी होते आणि मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आयतं घर मिळतं.

आता वखराकडे येऊ. या अवजाराचं कौतुक करावं तेवढं थोडं. वखराची पास, म्हणजे आडवं पातं, दोन-तीन इंच खोलीवरून माती कापत जाते, उलटीपालटी करत नाही. वरचा थर सुटा होतो, तण कापलं जातं आणि खालची माती जशी बसलेली होती तशीच राहते. खाली बसलेलं, वर मोकळं: सरकीला जे हवं तेच वखर देतो. शेवटची पाळी पेरणीच्या तोंडावर, पहिल्या पावसाने उगवलेलं तण मारायला, अगदी उथळ घालावी. खोल घातली तर वळवाने बसवलेलं रान पुन्हा पोकळ होतं आणि खालची ओल वर येऊन उडून जाते.

रोटाव्हेटरला माझा सरसकट विरोध नाही. वेळ वाचतो, मजूर मिळत नाहीत, हे सगळं खरं. पण तो वारंवार फिरवला की वर पावडर होते आणि त्याची पाती जिथे घासतात तिथे, चार-पाच इंचांवर, घट्ट थर तयार होतो. पहिल्या जोरदार पावसात ती पावडर मातीची छिद्रं बुजवते, वर पापडी धरते, पाणी आत न जाता वाहून जातं. कपाशीचं सोटमूळ त्या घट्ट थरावर आपटून आडवं वळतं. ऑगस्टमध्ये उघडीप पडली की अशी झाडं शेजारच्या रानाआधी माना टाकतात. रोटाव्हेटर वापरायचाच असेल तर एकदाच, वाफशावर आणि उथळ.

75 ते 100 मिलिमीटर पावसाचा हिशेब

दर जूनमध्ये कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठं सांगतात की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. बऱ्याच जणांना हा सरकारी सावधपणा वाटतो. यामागचं गणित कुणीही करू शकतं.

उन्हाने वाळलेली काळी माती पूर्ण ओली व्हायला आपल्या जाडीच्या सुमारे तीस टक्के पाणी पिते. म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस झाला तर जेमतेम 3 ते 4 सेंटीमीटर माती भिजते. सरकी आपण 4-5 सेंटीमीटरवर डोबतो. एवढ्याशा सरीवर वरून रान काळंभोर दिसतं, वासही सुटतो, पण बियाच्या खाली कोरडं फुफाटं असतं. बी फुगतं, मूळ खाली जातं आणि त्याला काहीच मिळत नाही. दोन दिवस ऊन पडलं की संपलं. त्याउलट 75 मिलिमीटर पावसाने वीतभर, थोडी जास्तच माती भिजते. मग आठवडाभर उघडीप पडली तरी मुळाला खाली ओल सापडत राहते.

आणि मोठ्या पावसाचं दुसरं काम म्हणजे तो रान बसवतो. पावसाच्या वजनाने आणि माती फुगल्याने ढेकळांमधल्या पोकळ्या भरतात, नांगरटीचा फुगवटा खाली येतो. काळ्या रानात लाकडी मैंद किंवा लोखंडी रोलर जे करतील त्याहून चांगलं काम हा पाऊस फुकटात करतो. धूळपेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरताना, आपण हेच गमावतो. सरकी पोकळ मातीत पडलेली असते आणि पुढचा पाऊस तिला बसवेल की अर्धवट भिजवून सोडेल, हे आपल्या हातात नसतं. शिवाय फार लवकर लावलेल्या कपाशीवर बोंडअळीच्या पहिल्या पिढ्या पोसल्या जातात, ते वेगळंच.

पाऊस झाल्यावर वाफसा आला की नाही, हे बघायला चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्या, गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर अजून थांबा. गोळाच होत नसेल तर ओल कमी आहे. रान किती बसलंय हे बघायला सरळ चालत जा आणि मागे वळून आपली पावलं बघा. टाच अर्धा-पाऊण इंच उमटली असेल तर ठीक. घोट्यापर्यंत पाय जात असेल तर रान पोकळ आहे, आणखी एका पावसाची वाट बघा किंवा फळी फिरवा. पाऊल उमटतच नसेल तर वर कडक झालंय, उथळ पाळी हवी.

दाब द्यायचा तो किती आणि कसा

डोबणी करणाऱ्या जुन्या जाणत्या बायांचे हात आणि पाय नीट बघावेत. आडव्या-उभ्या रेघा छेदतात तिथे फुल्या पाडलेल्या असतात. फुलीवर बोटाची दोन पेरं जातील एवढा खड्डा, त्यात सरकी, मग बाजूची ओली माती बोटांनी आत ओढायची आणि पुढचं पाऊल टाकताना त्या जागेवर चवडा टेकवायचा. टाच नाही, चवडा. सगळं वजन टाकायचं नाही. नुसतं टेकून पुढे जायचं. सगळ्यात शेवटी पायानेच थोडी सुटी माती वर लोटली जाते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं आणि त्यात ओल, स्पर्श आणि वरचा मोकळा थर तिन्ही साधतात. माती हाताला चिकटत असेल त्या दिवशी त्याच बाया पाय टेकवत नाहीत, हाताने हलकंसं थापटतात. मजुरी एकरावर ठरली की हा चवडा टेकवणं सगळ्यात आधी गळतं. उक्तं दिलं आणि काम लवकर उरकलं, पण खाड्यांच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते. माझं म्हणणं, या कामाला चार पैसे जास्त द्यावेत आणि घाई करू नये.

हिशेब करून बघा. बीटी सरकीचं पाकीट 475 ग्रॅमचं. शंभर सरक्यांचं वजन साधारण 8 ते 10 ग्रॅम, म्हणजे पाकिटात पाच हजारांच्या आसपास बी. चार बाय दीड फुटांवर एकरी 7,260 फुल्या पडतात. दोन पाकिटं आणली तर फुलीला दीड बीसुद्धा येत नाही. प्रत्येक सरकी उगवायलाच हवी, असा हा व्यवहार आहे.

सघन लागवडीत हे आणखी टोकाला जातं. 90 बाय 15 सेंटीमीटरवर एकरी तीस हजारांच्या जवळपास झाडं बसतात आणि पाच-सहा पाकिटं लागतात. इथे बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरवरचं टोकण यंत्र येतं. त्याच्या मागे छोटं दाबचाक असतं. ते दाबचाक कुठे दाबतं, हे विकत घेताना किंवा भाड्याने सांगताना बघावं. बियाच्या दोन्ही बाजूंनी माती आत लोटणारं चाक आपल्या काळ्या रानाला चांगलं, कारण बरोबर वरचा पट्टा मोकळा राहतो. बियाच्या डोक्यावरच दाबणारं सपाट चाक हलक्या, वाळूमिश्रित रानात ठीक. ओल्या चिकण रानात तेच चाक पापडीची सोय करून ठेवतं. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. सकाळी दव आणि ओल असताना कमी, दुपारी वरचा थर सुकल्यावर जास्त.

यंत्राने पेरताना आणखी एक धोका काळ्या मातीतच दिसतो. रान जास्त ओलं असताना फण चालला की चराच्या दोन्ही भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. वरून माती पडते, चर बुजल्यासारखा दिसतो. मग ऊन पडतं, माती आकसते आणि भेग नेमकी त्या चराच्या रेषेवर पडते. वाकून बघितलं तर भेगेत सरकी उघडी दिसते. यावर दाबचाकाचा इलाज नाही. इलाज एकच, एक दिवस थांबणं.

सगळी रानं सारखी नसतात

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात मातीत सोडियम जास्त असल्याने पाऊस पडला की मातीचे रवे विरघळतात आणि वाळल्यावर वर कडक कवच बसतं. तिथे वरून दाब देणं जवळजवळ टाळावंच. शेणखत, हिरवळीचं खत, माती तपासून लागेल तेवढा जिप्सम आणि निचऱ्याला सऱ्या, यांनीच ते रान सरकीच्या लायक होतं.

मुरमाड, हलक्या रानात उलट. तिथे पाणी झरकन खाली जातं, वरचा थर दोन दिवसांत सुकतो. तिथे पाळी झाल्याबरोबर फळी फिरवून रान दाबावं, सरकी थोडी खोल घालावी आणि चवडा जरा जोरात टेकवावा. जळगावकडे ठिबकवर होणाऱ्या बागायती कपाशीत हा प्रश्न सोपा होतो. गादीवाफा आधी ठिबकने भिजवून बसू द्यायचा, एखादा दिवस वाफशाला थांबायचं आणि मग ओल्या पट्ट्यात टोकायचं. आधी टोकून मग पाणी सोडलं तर सरकी मातीबरोबर हलते, खोल तरी जाते नाहीतर उघडी पडते.

भारी, निचरा न होणाऱ्या काळ्या रानात रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) पद्धत खरोखर कामाची आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने ती काळ्या मातीसाठीच विकसित केली. पण बीबीएफ यंत्राने आजच उचललेला वरंबा आजच टोकू नये. तो आतून पोकळ असतो. एक पाऊस त्याच्यावर पडू द्यावा. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी (सगुणा) पद्धतीत तर गादीवाफे कायमचे ठेवतात, पुन्हा नांगरतच नाहीत. जुनी मुळं आत कुजून पाण्याला आणि हवेला वाटा करतात आणि वाफा वर्षागणिक बसलेलाच राहतो. कपाशीत हे करायचं तर जमिनीवरच्या पऱ्हाट्या मात्र शेतात ठेवायच्या नाहीत.

खाडे दिसले तर आधी उकरून बघा

डोबल्यापासून आठव्या-दहाव्या दिवशी तासांतून चाला. नांग्या (रिकाम्या जागा) भरायला बी घेऊन जाण्याआधी खुरपं घेऊन जा आणि शेताच्या वेगवेगळ्या भागांतल्या काही रिकाम्या फुल्या उकरा. बी जसंच्या तसं, कोरडं असेल तर ओल पोचली नाही किंवा माती भिडली नाही. ते कुजलेलं नसेल तर आणखी एक चांगला पाऊस येईपर्यंत थांबून बघायला हरकत नाही. बी मऊ, काळं, वास मारणारं असेल तर पाणी साचलं किंवा दाब जास्त झाला. तिथे आधी निचऱ्याची सरी काढा, मगच नवीन बी टाका. वाकलेला पांढरा कोंब पापडीखाली सापडला तर वेळ दवडू नका. त्याच दिवशी, माती किंचित ओलसर असताना, तासावरून हलकी काटेरी फांदी ओढा किंवा खुरप्याने पापडी मोडा. ठिबक असेल तर थोडं पाणी सोडून पापडी मऊ करा. दोन दिवस उशीर झाला की ती रोपं वाचत नाहीत. आणि फुलीत बी नाही, कोवळं खोड जमिनीलगत कुरतडलेलं दिसतंय, आजूबाजूला कुजका पालापाचोळा आहे, तर तो वाणी या अनेक पायांच्या किड्याचा उपद्रव आहे. त्याला मशागत जबाबदार नाही. संध्याकाळी किंवा पहाटे बॅटरी घेऊन गेलात तर त्या पाचोळ्याखाली वाण्यांची वेटोळी सापडतील, ती गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका.